प्लेटवर उगवला, रिपोर्टात हरवला



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी एक सूक्ष्मदर्शक असे. तापाचा रोगी आला की त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब ते स्वतः काचेवर पसरून बघत, असं इथल्या जुन्या मंडळींनी मला सांगितलं. त्यामुळे विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. मोठ्या रुग्णालयात दाखल होऊनही ज्याचा जंतू ओळखू येत नाही, अशा रोग्याविषयी बोलायचं आहे. असे जंतू पुष्कळ आहेत. मी त्यातला एकच घेणार आहे, कारण वीस नावांची यादी वाचली तर उद्या सकाळी तुम्हाला एकही आठवणार नाही. जंतूचं नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय आणि त्याच्यामुळे होणारा आजार मेलिऑयडोसिस. नावं जड आहेत, पण दोन-चारदा कानावरून गेली की सवय होईल.

1911 सालचं रंगून. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातलाच एक प्रांत होता. रंगून जनरल हॉस्पिटलच्या शवागारात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी शवविच्छेदनं करत. टेबलावर येणारी बरीच माणसं शहराच्या अगदी तळातली होती. मॉर्फिनच्या सुया टोचून घेणारी, खंगलेली, ज्यांच्यामागे विचारायला कुणी नाही अशी. त्यातली काही शवं वेगळी दिसू लागली. फुफ्फुसात पांढुरके, घट्ट झालेले भाग. यकृतात, प्लीहेत, मूत्रपिंडात पुवाची गळवं. पहिल्या नजरेला क्षय वाटावा, पण क्षयाचा जंतू सापडेना. जो जंतू वाढला तो घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्सच्या जंतूच्या फार जवळचा होता. फरक एवढाच की ग्लँडर्सचा जंतू जागच्या जागी राहतो, हा हालचाल करत होता. शिवाय तो प्लेटवर भराभर वाढत होता, आणि गिनीपिगला टोचल्यावर ग्लँडर्सची म्हणून जी ठरलेली प्रतिक्रिया दिसायला हवी ती दिसत नव्हती. दोघांनी 1912 मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये नव्या आजाराचं वर्णन छापलं. पुढे क्वालालंपूरच्या स्टँटन आणि फ्लेचर यांनी 1921 मध्ये त्याला मेलिऑयडोसिस हे नाव दिलं. मधल्या काळात लोक त्याला ‘व्हिटमोरचा आजार’ म्हणत. कृष्णस्वामींनी 1917 मध्ये याच आजारावर स्वतंत्र लेख लिहिला होता, तरी त्यांचं नाव काही त्याला चिकटलं नाही. का चिकटलं नाही, हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नसावी.

मला लक्षात आणून द्यायची आहे ती दुसरीच गोष्ट. हा आजार पहिल्यांदा सापडला तो शवागारात. इतक्या वर्षांनंतरही त्याचं निदान पुष्कळदा रोगी गेल्यावरच हातात पडतं.

हा जंतू राहतो कुठे? जमिनीत. उष्ण, दमट प्रदेशातल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात, विशेषतः भातखाचरांत. उन्हाळ्यात वरची माती सुकली की खालच्या ओलीत तग धरतो आणि पावसाळ्यात वर येतो. पायाच्या भेगेतून, जखमेतून शिरतो. वादळी पावसात उडणाऱ्या तुषारांबरोबर श्वासातूनही जातो, कधी पिण्याच्या पाण्यातून. माणसाकडून माणसाला होणं अगदी विरळा. म्हणूनच बहुतेक ठिकाणी तीन-चतुर्थांशाच्या आसपास रोगी पावसाळ्यात येतात. निरोगी माणसाच्या शरीरात शिरला तरी बहुधा काही होत नाही. ज्याला मधुमेह आहे त्याचं मात्र तसं नसतं. थायलंडमधल्या अभ्यासात मधुमेह्याला हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या बारापट निघाली आहे. जोडीला दारू, मूत्रपिंडाचा जुना आजार, थॅलेसेमिया. आता भातशेती, मुसळधार पाऊस आणि घराघरांत मधुमेह हे तिन्ही एकत्र कुठे आहे ते शोधायला नकाशा उघडायला नको. गोकर्ण-उडुपीपासून वर कोकणापर्यंतची किनारपट्टी डोळ्यांसमोर आणा.

आता एक रोगी बघू. हा कुणी एक खराखुरा माणूस नव्हे. अशा पुष्कळांच्या केसपेपरमध्ये जे असतं ते एकत्र केलंय. वय पन्नाशीचं, शेती घरची, शुगर आठ वर्षांपासून, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. श्रावणात ताप सुरू झाला. गावातल्या डॉक्टरांनी मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू बघितलं. विडालची चाचणी थोडी पॉझिटिव्ह आली, जी आपल्याकडे निम्म्या गावाची येईल, म्हणून टायफॉइडचं सलाईन झालं. ताप जाईना. तालुक्याला एक्स-रे काढला, उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग. वजन उतरलेलं, खोकला, रात्री घाम. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, सीबी-नॅट ही क्षयाची जनुकीय चाचणीही निगेटिव्ह. तरी फोटो बघून एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधं, सुरू झाली. त्यात डॉक्टरांची चूक काढायचा माझा हेतू नाही. या देशात असा फोटो दिसला की क्षयच आधी मनात यावा, हे बरोबरच आहे. तीन आठवड्यांनी रोगी थरथरत जिल्ह्याच्या रुग्णालयात येतो, रक्तदाब खाली, सोनोग्राफीत प्लीहेमध्ये लहान लहान गळवं. पुरुष असेल तर कधी प्रोस्टेटमध्येही पू सापडतो. मूल असेल तर कानाखाली, पॅरोटिड ग्रंथीत गळू येतं आणि घरचे गालगुंड समजतात. कुणाचा गुडघाच फक्त सुजतो. कुणाच्या अंगावर एखादंच न भरणारं गळू, बाकी काही नाही.

अंगात घुसल्यावर हा जंतू कधी बाहेर पडेल याचाही नेम नाही. बहुतेकांना तीन आठवड्यांच्या आत आजार दिसतो. पण व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांत तो उशिरा उमटू लागला, तेव्हा डॉक्टर त्याला टाइम बॉम्ब म्हणू लागले. सगळ्यात लांबलेली नोंद दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या एका माणसाची आहे. संसर्गानंतर 62 वर्षांनी त्याच्या हाताला जखम झाली आणि तीत हा जंतू मिळाला. रोग्याला ‘हल्ली कुठे शेतात गेला होता का’ एवढंच विचारून भागत नाही ते यासाठी.

आता प्रयोगशाळेत या, कारण माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं आणि खरी गोची तिथेच होते. रक्ताची बाटली मशीनमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी मशीनने खूण दिली. तंत्रज्ञाने थेंब काढून काचेवर रंगवला. ग्रॅम निगेटिव्ह, बारीक दांड्या, दोन्ही टोकांना रंग गडद आणि मध्ये रिकामं. पुस्तकात याला सेफ्टी पिनसारखा म्हणतात. पण प्रत्येक काचेवर तो इतका देखणा दिसत नाही, आणि दिसला तरी दुसरेही काही जंतू असेच दिसतात. मॅकॉन्की प्लेटवर चोवीस तासांनी बारीक, फिकट ठिपके. लॅक्टोज खात नाही. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. इथपर्यंत तो रुग्णालयात नेहमी भेटणाऱ्या स्यूडोमोनासच्या कुळातला वाटतो, आणि रिपोर्टवर ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ असं लिहून विषय संपतो. कधी तेवढंही नाही. थुंकी किंवा जखमेतला नमुना असेल तर ‘कंटॅमिनेशन’ म्हणून प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते. ती आणखी दोन-तीन दिवस ठेवली असती तर ठिपके कोरडे, सुरकुतलेले झाले असते आणि प्लेटला ओल्या मातीचा वास आला असता. एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. हा वास हुंगून बघायचा नाही. जुन्या पिढीत प्लेट नाकाशी धरण्याची सवय होती आणि त्यातून प्रयोगशाळेतल्या माणसांना लागण होण्याचा धोका असतो. असा संशय आला की पुढचं सगळं काम सुरक्षा-कपाटात करायचं.

मशीनवर भरवसा ठेवावा तर तिथेही घोळ आहे. ओळख पटवणाऱ्या स्वयंचलित यंत्रांनी याला कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया, तर तयार पट्ट्यांच्या संचांनी कधी क्रोमोबॅक्टेरियम ठरवलं आहे. मॅल्डी-टॉफ यंत्र आलं, पण त्याच्या माहितीसाठ्यात हा जंतू पुरेसा नसेल तर ते त्याच्या निरुपद्रवी भावाचं, बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिसचं नाव सांगतं. कोट्यवधींचं यंत्र चुकतं आणि तीन कागदी चकत्या बहुधा चुकत नाहीत, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. प्लेटवर जेन्टामायसिन, कोलिस्टिन आणि अमॉक्सिक्लॅव्हच्या डिस्क ठेवायच्या. पहिल्या दोन्हींच्या काठापर्यंत जंतू बिनधास्त वाढतो, तिसरीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जंतूने असं केलं की हातातलं काम टाकून वॉर्डाला फोन करायचा. पुढच्या खात्रीसाठी लॅटेक्सची चाचणी आहे, पट्टीवरची जलद चाचणी आहे, जनुकीय चाचणीही आहे. थुंकी, घशातला किंवा जखमेतला नमुना असेल तर त्यात इतर जंतूंची गर्दी असते. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅशडाउन यांनी 1979 मध्ये खास प्लेट तयार केली. तिच्यात जेन्टामायसिन असतं, म्हणजे इतरांची वाढ दबते आणि याची होते. वर हा जांभळा, सुरकुतलेला उगवतो.

एवढं सगळं नीट केलं तरी कल्चरमध्ये, म्हणजे नमुना प्लेटवर वाढवून बघण्यात, जंतू दहापैकी साधारण सहाच रोग्यांत हाताला लागतो. एक नमुना पाठवून थांबायचं नाही. रक्त, लघवी, थुंकी, घसा, गळवातला पू, सगळं पाठवायचं, आणि पुन्हा पाठवायचं. आपल्याकडे अडचण त्याच्याही आधी सुरू होते. रोगी आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याला चार अँटिबायोटिक देऊन झालेली असतात. कल्चरचे पैसे जास्त, रिपोर्टला दिवस लागतात, नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, आधी औषध सुरू करा, तपासणी नंतर बघू.’ आणि नमुन्यासोबत येणाऱ्या फॉर्मवर ‘क्लिनिकल हिस्टरी’च्या रकान्यात एकच शब्द असतो, ‘फीव्हर’. तिथे ‘मधुमेह, भातशेती, प्लीहेत गळू, एकेटीने फरक नाही’ एवढं लिहिलं असतं तर आमच्या तंत्रज्ञाने दोन दिवसांत टाकायची प्लेट आठवडाभर सांभाळली असती.

तुम्ही विचाराल की इतका दुर्मिळ आजार, त्यासाठी इतका खटाटोप कशाला? याचं उत्तर लाओसमध्ये मिळतं. तिथे 1999 पर्यंत मेलिऑयडोसिसचा एकही रोगी नोंदलेला नव्हता. शेजारी ईशान्य थायलंडमध्ये ढिगाने रोगी, मेकाँग नदी ओलांडली की शून्य. त्या सुमारास व्हिएन्टिनच्या माहोसोत रुग्णालयात जंतुशास्त्राची चांगली प्रयोगशाळा उभी राहिली. 1999 मध्ये पहिले रोगी सापडले आणि त्यानंतर शेकड्यांनी सापडत गेले. मेकाँगच्या पलीकडची माती अचानक बदलली नव्हती. श्रीलंकेतही पहिला रोगी 1927 मध्ये नोंदला गेला, मग कित्येक दशकं तुरळक उल्लेख. एकविसाव्या शतकात बेटभरातल्या प्रयोगशाळांना हा जंतू ओळखायला शिकवलं आणि आकडा वाढला. दुर्मिळ आजारांच्या यादीतली कितीतरी नावं अशी आहेत, असं माझं मत आहे. शोधणारा कमी असतो, आजार नव्हे.

आपल्याकडचं काय? भारतातला सुरुवातीचा नोंदलेला रोगी मुंबईतलं एक मूल होतं. ते वृत्त 1991 मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये आलं. म्हणजे ही गोष्ट महाराष्ट्रातूनच सुरू झाली. पण पुढची तीस वर्षं रोग्यांची मोठी संख्या छापून आली ती वेल्लोरहून, मणिपालहून, मंगळुरूहून. या ठिकाणचे लोक जास्त आजारी पडतात असं नाही. तिथे प्लेटकडे बघणारा माणूस आहे आणि वॉर्डातल्या डॉक्टरांशी त्याचं बोलणं आहे. दक्षिण कोकणातला रोगी उपचारांसाठी गोव्यातल्या बांबोळीला किंवा मणिपालला जातो, तिथे ओळखला गेला तर त्याची गणती तिथल्या खात्यात. 2016 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने माती, पाऊस आणि लोकसंख्या धरून गणित मांडलं. जगात दरवर्षी सुमारे 1,65,000 रोगी आणि 89,000 मृत्यू असावेत, आणि त्यातला 44 टक्के भार दक्षिण आशियावर असावा. गणित ते गणितच, त्यात चूकही असेल. पण त्यातला दहावा भाग जरी खरा धरला तरी आपल्या नोंदी त्याच्या जवळपासही नाहीत. डेंग्यूचा आकडा पावसाळ्यात रोज पेपरात येतो. याचा आलेला मी पाहिलेला नाही.

2021 मध्ये अमेरिकेत काय घडलं ते याच्या शेजारी ठेवून बघा. कॅन्सस, टेक्सस, मिनेसोटा आणि जॉर्जिया या चार राज्यांत एकेक रोगी सापडला. चौघांपैकी कुणीही परदेशी गेलेलं नव्हतं, एकमेकांशी संबंध नाही. दोघं दगावली, त्यात एक लहान मूल. चारही जंतूंची जनुकीय तपासणी झाली, ते एकाच घराण्यातले निघाले आणि ते घराणं दक्षिण आशियातलं होतं. म्हणजे काहीतरी वस्तू तिथून आली असणार. घरोघरी जाऊन साबण, मलमं, डबे, पाणी तपासलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये जॉर्जियातल्या घरात खोलीत फवारायच्या सुगंधी द्रव्याची एक बाटली मिळाली. लव्हेंडरचा वास आणि तळाशी शोभेचे खडे. त्या द्रवात हा जंतू जिवंत होता. बाटली भारतात तयार झालेली. सुमारे 3,900 बाटल्या परत मागवल्या. एवढ्या मोठ्या देशात चार रोगी, आणि ते चौघं एका बाटलीपर्यंत पोचवणारी माणसं. याच जंतूने आपल्याच एखाद्या तालुक्यात, त्याच पावसाळ्यात चार माणसं गेली असती तर चार वेगवेगळ्या केसपेपरवर ‘सेप्सिस’ असं लिहिलं गेलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

निदानाचा आग्रह मी का धरते? कारण इथे निदानावर औषध बदलतं. तापाच्या रोग्याला आपल्याकडे पहिलं इंजेक्शन लागतं ते सेफ्ट्रायाक्झोन. थायलंडमधल्या अनुभवात सेफ्ट्रायाक्झोन किंवा सेफोटॅक्सिम मिळालेले रोगी सेफ्टाझिडिम मिळालेल्यांपेक्षा जास्त दगावले. नावात एवढा थोडा फरक, पण त्यावर जीव अवलंबून. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिथल्याच उबोन रात्चथानीचा अभ्यास आला होता. जुन्या औषधांवर गंभीर रोग्यांपैकी 74 टक्के जात, सेफ्टाझिडिमवर 37 टक्के. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या रुग्णालयाने 1989 पासून प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली आहे. तिथे सुरुवातीला दहापैकी तीन जात. अलीकडच्या वर्षांत शंभरात सहाच्या आसपास जातात. नवं जादूचं औषध आलेलं नाही. लवकर ओळखणं, योग्य औषध लगेच सुरू करणं, आयसीयू चांगला असणं, एवढंच.

आणि उपचार लांबलचक आहे. दोन आठवडे किंवा जास्त सेफ्टाझिडिम नाहीतर मेरोपेनेम शिरेतून, मग किमान तीन महिने को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या. गोळी स्वस्त, पण दीड महिन्यात माणसाला बरं वाटतं, शेतात काम असतं, गोळी सुटते. मग आजार उलटतो. क्षयाच्या रोग्यामागे सरकारची यंत्रणा असते, घरी फोन येतो, नोंदवही असते. या रोग्यामागे कुणी नाही.

शेजारच्या दोन आजारांचा जाता जाता उल्लेख करते, कारण पावसाळ्यात तेही डेंग्यूच्या नावाखाली दडतात. 2005 च्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस सगळ्यांना तोंडपाठ झाला. स्क्रब टायफस मात्र अजून तितका नाही. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली तेव्हा अनेकांनी नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यात किडा चावलेल्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते. काखेत, जांघेत, स्तनाखाली. रोग्याचे कपडे बाजूला करून बघितलं नाही तर ती दिसत नाही, आणि गर्दीच्या वॉर्डात, विशेषतः बाईमाणसाची, अशी तपासणी टाळली जाते. डॉक्सिसायक्लिनने बरा होणारा आजार, पण खपली कुणी न बघितल्यामुळे रोगी व्हेंटिलेटरवर जातो.

सभागृहात डॉक्टर मंडळी आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती. मधुमेही रोग्याला पावसाळ्यात न्यूमोनिया, किंवा पोटातल्या अवयवात गळू, किंवा एकेटीला दाद न देणारा ‘क्षय’ असेल, तर फॉर्मवर तसं लिहा आणि प्रयोगशाळेला फोन करा. आम्हाला फोन येत नाहीत अशी आमची तक्रार, तुम्हाला रिपोर्ट वेळेवर मिळत नाही अशी तुमची. दोन्ही खऱ्या आहेत.

बाकीच्या मंडळींना मी काय सांगू? डार्विनला लोकांना सांगतात की पावसाळ्यात चिखलात अनवाणी जाऊ नका, बूट-हातमोजे घाला. आपल्याकडे लावणीच्या चिखलात गमबूट घातला तर पाय निघतो आणि बूट तिथेच रुततो, हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हा ज्यांची शुगर वाढलेली आहे आणि पायाला भेग किंवा जखम आहे, त्यांनी निदान ती झाकून, शक्य असेल तर त्या दिवसांत बांधावरचं काम घ्यावं. आणि औषधाने न उतरणाऱ्या तापात डॉक्टरांना एवढंच विचारावं की रक्ताचं कल्चर पाठवलंय का, आणि ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलं होतं का. विचारल्याचा राग आला तरी विचारावं.

कार्यकर्ते घड्याळ दाखवत आहेत. माझं बोलणं इथे थांबवते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिलेत तरी चालतील.